कुटुंबासह गोव्यात मेक्सिकन जेवण : मागवताना, रांधताना आणि वाटेवर

गोव्यात चार-पाच दिवसांसाठी आलेल्या मराठी कुटुंबाचे जेवणाचे गणित बहुधा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विस्कटते. एकाला पुन्हा मासळीचे ताटच हवे असते, मुलांना तिखट नको असते, घरातल्या ज्येष्ठ बाईंचा गुरुवार असतो, आणि ज्याने दिवसभर गाडी चालवली त्याला आता कुठेही चालेल, पण लवकर जेवायचे असते. आमचे घर फोंड्याला असल्यामुळे दर हिवाळ्यात साताऱ्याचे दीर, जाऊबाई, त्यांची मुले आणि सासूबाई असा आमच्यासह दहा माणसांचा मेळा जमतो. इतक्या वर्षांच्या अनुभवावरून मी खात्रीने सांगते की, या दहाजणांना एका टेबलाभोवती समाधानाने बसवण्याचे काम मेक्सिकन जेवणाइतके दुसऱ्या कोणत्याही जेवणाने केलेले नाही. तव्यावरून उतरलेली गरम तोर्तिया, म्हणजे मक्याची तळहाताएवढी पातळ भाकरी, मध्यभागी ठेवायची. तिच्याभोवती घेवड्याची उसळ, भाज्या, मासे, चटण्या, लिंबाच्या फोडी आणि चिरलेली कोथिंबीर मांडायची. आणि ज्याने त्याने आपला घास आपल्याच हाताने बांधायचा. एकच कालवण सर्वांच्या जिभेला मानवावे लागत नाही, ही या जेवणाची खरी सोय आहे. हे जेवण उपाहारगृहात कसे मागवावे, मुक्कामाच्या घरी कसे रांधावे आणि प्रवासात सोबत कसे न्यावे, ते मी येथे क्रमाने सांगणार आहे.

त्याआधी मनातला एक संकोच दूर केला पाहिजे, कारण ‘हे परक्यांचे जेवण, आपल्याला झेपणार नाही’ असे म्हणून घरातली वडील माणसे अनेकदा आधीच हात आखडता घेतात. त्यांना मी नेहमी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घेऊन जाते. तिथे मांडलेली मिरची, टोमॅटो, मका, लाल भोपळा आणि चिकू ही मूळची मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या मुलखातली आहेत; पपई, पेरू, सीताफळ, अननस, काजू आणि बटाटा हेही अमेरिका खंडांतूनच आलेले आहेत. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, आणि त्यांच्या जहाजांतून यांपैकी बरेच काही आपल्या किनाऱ्याला लागले. ‘चिकू’ हा शब्दसुद्धा नाहुआत्ल या मेक्सिकोच्या जुन्या भाषेतून स्पॅनिशमार्गे आपल्यापर्यंत पोहोचला आहे. देवघेव एकतर्फी नव्हती. मेक्सिकन माणूस ज्यावाचून जेवत नाही ते बारीक लिंबू, म्हणजे आपले कागदी लिंबू, आणि कोथिंबीर, कांदा, तांदूळ हे इकडच्या खंडांतून तिकडे गेले. फिलिपिन्समधील मनिला आणि मेक्सिकोतील आकापुल्को यांच्यामध्ये १५६५ ते १८१५ या काळात जी स्पॅनिश जहाजे ये-जा करीत, त्यांच्या व्यापारातून आशियाचा आंबाही तिकडे रुजला. मेक्सिकोच्या रस्त्यांवर आंब्याच्या फोडींना तिखट, मीठ आणि लिंबू लावून विकतात आणि भाजलेल्या कणसालाही लिंबू-तिखट चोळतात, हे सांगितल्यावर आमच्या सासूबाई इतकेच म्हणाल्या, “मग ते आपल्यासारखेच जेवतात की.”

उपाहारगृहात मागवताना

मेक्सिकन पदार्थ देणारी बहुतेक ठिकाणे पणजीत आणि उत्तरेच्या किनारपट्टीवर, म्हणजे कळंगुट, हणजूण, वागातोर, आश्वे, हरमल या भागांत सापडतात. त्यांतली किनाऱ्यावरची अनेक ठिकाणे पावसाळ्यात बंद असतात, म्हणून जून ते सप्टेंबरमध्ये येणाऱ्यांनी आधी फोन करूनच निघावे. वयस्क माणसे आणि मुले बरोबर असतील तर संध्याकाळी साडेसहा-सातला पोहोचावे. त्या वेळी गर्दी नसते, संगीताचा आवाज बेताचा असतो, आणि वाढणाऱ्या माणसाला आपल्या प्रश्नांची उत्तरे द्यायला सवड असते.

प्रश्न विचारणे फार महत्त्वाचे आहे, हे मी एका कटू प्रसंगातून शिकले. किनाऱ्यावरच्या एका उपाहारगृहात आम्ही सासूबाईंसाठी यादीतला शाकाहारी भात मागवला होता. त्यांनी दोन घास घेतल्यानंतर जाऊबाईंना शंका आली, तेव्हा चौकशी केल्यावर कळले की भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला होता. वरून मांस घातले नव्हते, एवढ्यावरच तो शाकाहारी ठरवला गेला होता. सासूबाई कोणाला काही बोलल्या नाहीत, पण त्या रात्री त्यांनी घरी येऊन केवळ दूध घेतले, आणि त्यांना तिथे नेल्याबद्दल मला आजही वाईट वाटते. तेव्हापासून मी मागवण्यापूर्वी तीन गोष्टी स्पष्ट विचारते. भात आणि सूप कशाच्या पाण्यात शिजवले आहे, ही पहिली. घेवड्याची परतलेली उसळ कशात परतली आहे, ही दुसरी. कारण मेक्सिकोत त्यासाठी परंपरेने डुकराची चरबी वापरतात, आणि मैद्याच्या तोर्तियांतही ती असू शकते. तिसरी गोष्ट मांसाची. गोव्यात गोमांस उघडपणे विकले व वाढले जाते, आणि मेक्सिकन यादीत ‘कार्ने आसादा’ असे लिहिले असेल तर ते बहुधा गोमांसच असते. ‘कार्नितास’ म्हणजे डुकराचे मांस, ‘पेस्कादो’ म्हणजे मासा, ‘कामारोन’ म्हणजे कोळंबी, ‘केसो’ म्हणजे चीज. कोंबडीसाठी जो शब्द असतो त्याचे स्पेलिंग पाहून आपण ‘पोलो’ म्हणतो, पण मेक्सिकोत त्याचा उच्चार ‘पोयो’ असा होतो. त्याच नियमाने ‘तोर्तिया’ आणि ‘केसादिया’ (चीज भरून, दुमडून शेकलेली तोर्तिया) म्हणतात, तर यादीतल्या ‘जलापिनो’ मिरचीचा उच्चार ‘हालापेन्यो’ होतो. मुलांना हे उच्चार शिकवून पदार्थ त्यांनाच मागवायला सांगावेत. आमच्या पुतणीने ‘केसादिया’ नीट म्हटल्याबरोबर वाढणाऱ्या दादांनी तिचे कौतुक केले, आणि एरवी ताटात उष्टे टाकणाऱ्या त्या मुलीने ती पूर्ण संपवली.

काय आणि किती मागवावे, याविषयी माझे मत ठाम आहे. नाचोसच्या मोठमोठ्या बशांनी सुरुवात करू नये. तळलेले तुकडे आणि वितळलेले चीज यांनी मुलांची पोटे भरतात आणि मुख्य जेवण तसेच राहते. नाचोस चवीला वाईट आहेत असे मी म्हणत नाही, पण तो १९४०च्या दशकात मेक्सिकोच्या सरहद्दीवरील पिएद्रास नेग्रास या गावी इग्नासिओ अनाया नावाच्या माणसाने आयत्या वेळी पाहुण्यांसाठी केलेला पदार्थ आहे. ‘नाचो’ हे इग्नासिओचे लाडाचे नाव. पिवळे चीज, कडक तळलेला टाको (टाको म्हणजे सारण घालून दुमडलेली तोर्तिया) आणि भरपूर जिरे ही बहुतांशी टेक्ससची, म्हणजे सरहद्दीपलीकडची पद्धत आहे. दहा माणसांत नाचोसची एक बशी आणि ग्वाकामोलेच्या, म्हणजे कुस्करलेल्या अ‍ॅव्होकाडोच्या चटणीच्या, दोन वाट्या पुरे होतात. त्यानंतर टाको मागवावेत, आणि तेही मऊ, मक्याच्या तोर्तियाचे. मोठ्या माणसाला तीन, लहानाला दोन असा हिशेब धरावा, पण सगळे एकदम न मागवता दोन खेपांत मागवावेत, कारण टाको थंड झाला की त्याची भाकरी वातड होते. अननसाची फोड घातलेला ‘अल पास्तोर’ टाको यादीत असेल तर मांसाहारी मंडळींनी तो अवश्य घ्यावा. लेबनॉनहून मेक्सिकोत गेलेल्या लोकांनी उभ्या सळईवर मांस भाजण्याची आपली रीत तिथे नेली, तिला मेक्सिकन मिरचीचे वाटण मिळाले आणि त्यातून हा प्रकार जन्मला. ‘सेविचे’ मात्र मुलांसाठी आणि ज्येष्ठांसाठी मागवू नये. त्यातला कच्चा मासा लिंबाच्या रसाने पांढरा आणि घट्ट होत असला, तरी तो शिजवल्याइतका निर्धोक होत नाही.

जेवण झाले की लगेच उठू नये. जेवणानंतर टेबलाभोवती गप्पा मारत रेंगाळण्याला मेक्सिकोत ‘सोब्रेमेसा’ असा खास शब्द आहे, आणि तिथे पाहुण्याने मागितल्याशिवाय बिल आणून ठेवणे शिष्टाचाराला धरून मानत नाहीत. दिवसभर चर्च, देऊळ, किनारा अशी धावाधाव केलेल्या कुटुंबाला सहलीत निवांत बोलायला मिळणारा हा बहुधा एकमेव तास असतो.

मुक्कामाच्या घरी रांधताना

सहलीचा खरा आनंद मला इथे वाटतो. हल्ली बरीच कुटुंबे हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घेतात. त्या स्वयंपाकघरात एक लोखंडी तवा, एक कुकर आणि मिक्सर असला की काम भागते. शुक्रवार धरून म्हापशाचा बाजार गाठावा. तो जमला नाही तर पणजी, मडगाव किंवा फोंड्याच्या बाजारातही सर्व जिन्नस मिळतात.

तोर्तियासाठी सुका मका लागतो. कोवळा गोड मका चालत नाही, लाह्यांचा मकाही चालत नाही. धान्याच्या दुकानातून माणसांच्या खाण्यासाठी निवडलेले जून, सुके दाणे घ्यावेत. एक किलो दाण्यांना साधारण दहा ग्रॅम खाण्याचा चुना हे प्रमाण ठेवावे. पानाच्या दुकानातला साधा, सुगंध न घातलेला चुना चालतो. रंगकामाचा चुना चुकूनही वापरू नये, आणि चुना कालवण्याचे काम मुलांच्या हाती देऊ नये. रात्री दाण्यांच्या तिप्पट पाण्यात चुना कालवून त्यात मका घालावा, उकळी आल्यावर मंद आचेवर अर्धा-पाऊण तास शिजवावा आणि झाकून तसाच सकाळपर्यंत ठेवावा. भांडे स्टीलचे असावे, ॲल्युमिनियमचे नको, कारण चुना त्यावर परिणाम करतो. सकाळी दाणे हाताने चोळत तीन-चार पाण्यांतून धुतले की वरची साले सुटून जातात आणि पावसाने भिजलेल्या मातीसारखा एक ओला वास येतो, जो नुसत्या मक्याच्या पिठाला कधीही येत नाही. या प्रक्रियेला ‘निश्तामाल’ करणे म्हणतात. तिच्यामुळे दाणा दळायला मऊ होतो, पीठ एकमेकांस धरून राहते आणि मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागते. मका युरोपात गेला, पण चुन्याची ही रीत त्याच्याबरोबर गेली नाही. परिणामी जिथे गरीब लोक केवळ मक्यावर जगू लागले, तिथे या जीवनसत्त्वाच्या अभावी पेलाग्रा हा रोग पसरला. मेक्सिकोच्या बायकांनी हजारो वर्षे जपलेले हे ज्ञान किती मोलाचे आहे, हे मुलांना सांगण्यासारखे आहे. परंपरागत मेक्सिकन पाककलेला युनेस्कोने २०१० मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, त्यात या रीतीचा वाटा मोठा आहे.

धुतलेला मका अगदी थोडे पाणी घालून बारीक वाटावा. मिक्सरला एका वेळी मूठभरच दाणे घालावेत, नाहीतर मोटर तापते. गोळा भाकरीच्या पिठाइतका मऊ हवा. लिंबाएवढा गोळा दुधाच्या पिशवीच्या दोन स्वच्छ तुकड्यांमध्ये ठेवून ताटलीने दाबला की तोर्तिया तयार होते. पण आमच्या घरी पहिल्यांदा हा घाट घातला तेव्हा सासूबाईंनी ती पिशवी बाजूला सारली. त्यांनी गोळा हातावर घेतला, दोन्ही तळव्यांमध्ये थापत, फिरवत, बोटांच्या पेरांनी कड सारखी करत गेल्या, आणि नाचणीची भाकरी तव्यावर टाकावी तशी ती अलगद सोडली. कड सुटू लागताच उलटली, पुन्हा उलटली आणि कापडाच्या बोळ्याने हलकेच दाबली, तशी ती टम्म फुगली. मेक्सिकोतही जुन्या बायका तोर्तिया अशाच हातावर थापतात, हे त्यांना मी नंतर सांगितले. मका भिजवायला वेळ नसेल तर बाजारचे मक्याचे पीठ उकळत्या पाण्यात उकड काढून मळावे. चव तीच येत नाही, पण भाकरी चांगली होते. झालेल्या तोर्तिया जाड फडक्यात गुंडाळून डब्यात एकावर एक ठेवाव्यात, म्हणजे वाफेने मऊ राहतात.

साल्सा म्हणजे आपली भाजलेल्या टोमॅटोची चटणीच. चार टोमॅटो, एक कांदा, सोलल्याशिवाय तीन-चार लसणीच्या पाकळ्या आणि दोन हिरव्या मिरच्या कोरड्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजाव्यात, लसूण सोलून सर्व जाडसर वाटावे आणि मीठ, कोथिंबीर व लिंबू घालावे. मेक्सिकोत हे वाटण्यासाठी तीन पायांचा काळ्या दगडाचा खल असतो. घरात पाटा-वरवंटा असेल तर मिक्सरला हात लावू नये. लाल साल्सासाठी सुकी मिरची गरम पाण्यात वीस मिनिटे भिजवून वाटतात. मी रंगासाठी ब्याडगी आणि चवीसाठी काणकोण तालुक्यातली खोल्याची मिरची घेते. या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. मुलांसाठी मिरचीशिवाय एक वाटी आधी काढून ठेवावी.

घेवड्यासाठी राजमा घ्यावा. गोव्याचे अळसांदे चविष्ट असतात, पण राजमा हा मेक्सिकन घेवड्याच्याच जातीचा आहे. आठ तास भिजवून, ते पाणी टाकून, कुकरला अगदी मऊ शिजवावा, तेलात कांदा-लसूण परतून त्यात घोटावा आणि पळीला चिकटेल इतका आटवावा. अ‍ॅव्होकाडो दोन दिवस आधी कडक घ्यावा आणि केळ्यांसोबत कागदी पिशवीत ठेवावा, म्हणजे वेळेवर पिकतो. मासळी खाणाऱ्यांसाठी इसवण किंवा चणक यांचे काटे नसलेले तुकडे रव्यात घोळवून तळावेत, आणि तोर्तियात बारीक चिरलेल्या कोबीसह लिंबू पिळून द्यावेत. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियातल्या किनाऱ्यावर पिठात बुडवून तळलेल्या माशाचा टाको असाच कोबीबरोबर खातात. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात मासळीऐवजी मशरूम किंवा लाल भोपळा घ्यावा. शाकाहारी ताटासाठी हाताने कुस्करलेले, किंचित मीठ लावलेले पनीर मेक्सिकोच्या ताज्या चीजची जागा छान घेते. ज्या दिवशी भाकऱ्या थापायचा कंटाळा येईल, त्या दिवशी पोदेराकडून सकाळी पाव घ्यावेत आणि त्यांत घेवडा, पनीर, साल्सा भरावा. पावात भरलेल्या अशा जेवणाला मेक्सिकोत ‘तोर्ता’ म्हणतात. पिण्यासाठी चिंचेचे सरबत, किंवा तांदूळ आणि दालचिनी रात्रभर भिजवून, वाटून, गाळून साखर घातलेले ‘ओर्चाता’ करावे. तिखट लागलेल्या मुलाला ते पाण्यापेक्षा लवकर शांत करते. ‘मोले’सारखे वीस-वीस जिन्नसांचे रस्से मात्र सहलीत करायला जाऊ नये.

शिदोरी

प्रवासाला निघताना बांधून दिलेल्या जेवणाला मेक्सिकोत ‘इताकाते’ म्हणतात. नाहुआत्लमधून आलेला हा शब्द आपल्या ‘शिदोरी’चा अगदी सख्खा अर्थभाऊ आहे. दूधसागरला किंवा काणकोणला जाताना मी गव्हाच्या मोठ्या पोळ्यांत आटवलेला घेवडा आणि परतलेली भोपळी मिरची घालून घट्ट गुंडाळ्या करते, त्या तव्यावर सगळीकडून शेकते आणि केळीच्या पानात बांधते. ओली साल्सा वेगळ्या डबीत न्यावी, पोळीत घालू नये. अ‍ॅव्होकाडो कापून नेऊ नये, तो काळा पडतो. पनीर दुपारपूर्वी संपवावे, कारण गोव्याच्या दमट हवेत ते गाडीत टिकत नाही.

निघायच्या दिवशी सकाळी डब्यात दहा-बारा शिळ्या तोर्तिया आणि तळाशी थोडी साल्सा उरलेली असते. त्या टाकून देऊ नयेत. शिळ्या पोळ्यांची आपण जशी फोडणीची पोळी करतो, तसे मेक्सिकोत ‘चिलाकिलेस’ करतात. तोर्तियांचे चौकोनी तुकडे थोड्या तेलात कुरकुरीत परतावेत, साल्सा अर्धी वाटी पाण्याने सैल करून उकळावी, तुकडे तिच्यात घालून लगेच गॅस बंद करावा, आणि वर दही, कांदा व खाणाऱ्यांसाठी एकेक अंडे घालून कढईतूनच वाढावे. दहा मिनिटांत नाश्ता होतो, आणि सामान गाडीत चढेपर्यंत कढई धुऊनही होते.